गवत भिजायला वेळ लागतो

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ पासून १९५४ पर्यंत पहिल्या ओबोच्या खुर्चीवर मार्सेल ताब्युतो नावाचे फ्रेंच गृहस्थ बसत. वादक थोर, गुरू म्हणून खाष्ट. कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत ओबो वाजवू लागली, आणि आज जिला अमेरिकन ओबोशैली म्हणतात ती तिथूनच रुजली. त्यांच्या शिष्या लैला स्टॉर्च यांनी लिहिलेलं गुरूंचं चरित्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या नावातच गुरुजींचा एक टोमणा आहे: मशरूम सोलता येत नसेल, तर ओबो कसा वाजवणार?

टोमणा बोचरा खरा, पण गैरलागू नाही. ओबोवादकाच्या आयुष्यातला मोठा वेळ चाकू हातात धरून जातो.

ओबो म्हणजे दोनेक फूट लांबीचं, काळ्या लाकडाचं, चांदीचा मुलामा दिलेल्या चाव्यांचं वाद्य. मैफल सुरू होण्याआधी साऱ्या ऑर्केस्ट्राला 'ए' स्वर देण्याचा मान त्याचा. व्यावसायिक वादकाला शोभेल असा ओबो घ्यायचा तर सात-आठ लाख रुपयांपासून पुढे मोजावे लागतात. एवढं करून तो वाजतो कशावर, तर त्याच्या टोकाला खोचलेल्या सातेक सेंटिमीटरच्या रीडवर. गवताची दोन पातळ पाती समोरासमोर बांधलेली असतात. श्वास त्यांच्या फटीतून जातो तेव्हा ती थरथरतात. आपल्या सनईचं तत्त्व हेच. लाकूड, चाव्या आणि कारागिरी त्या थरथरीला आकार देतात. थरथरच चांगली नसेल, तर सात लाख पाण्यात.

हल्ली ही रीड तयार मिळते, प्लास्टिकचीही मिळते. मग शिकणाऱ्या पोरांनी पाण्याचा पेला, चाकू आणि तासन्‌तास बसणं यांच्या नादी लागावंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर 'लागावं' असंच आहे. पण त्याची कारणं परंपरेच्या गहिवरात शोधू नयेत. ती त्या गवतातच सापडतात.

हे गवत अरुंडो डोनॅक्स या नावाचं. बांबू नव्हे, जुन्या कारकुनांच्या बोरूच्या कुळातलं, पोकळ, पेरापेरांचं, पाच-सहा मीटर उंच वाढणारं. भूमध्य समुद्राच्या काठी ते रानोमाळ उगवतं, पण वादकांचा जीव जडलेला आहे दक्षिण फ्रान्सच्या वार जिल्ह्यातल्या पिकावर, फ्रेजूस, कोगोलँ, इएर या गावांच्या आसपासच्या. दोन वर्षांची काठी हिवाळ्यात कापतात, वाळवतात, मग तिचे तुकडे उन्हात फिरवून फिरवून सोनेरी होऊ देतात आणि वर्ष-दोन वर्षं मुरायला ठेवतात. गंमत अशी की हेच गवत कॅलिफोर्नियात नदीकाठांचा शत्रू ठरलं आहे. तिथे ते बेसुमार पाणी पितं, स्थानिक झाडांना हुसकून लावतं, वणव्याला सरपण पुरवतं. म्हणून पैसे खर्च करून ते मुळासकट काढावं लागतं. वाद्यांच्या दुकानात मात्र त्याच्याच नळ्या वजनावर तोलून, चढ्या भावाने विकल्या जातात.

ओबोसाठी नळी साधारण दहा ते साडेदहा मिलिमीटर व्यासाची लागते. काचेवर गडगडवून ती सरळ आहे का ते पाहतात. डगमगली की बाजूला. सरळ निघाली तर तीन पात्यांच्या साधनावर दाबून तिचे उभे तीन भाग करतात. तिन्ही कामाला येतील असं नाही. कधीकधी एकही येत नाही.

आणि मग पाणी.

वाळलेल्या पट्टीला पातं लावलं तर तंतू फाटतात. तीच दुमडली तर मधोमध तडकते. म्हणून प्रत्येक टप्प्याआधी तिला भिजवावं लागतं. पेलाभर कोमट पाणी घ्यायचं आणि पट्ट्या सोडायच्या. सुरुवातीला सगळ्या तरंगतात, कारण गवताच्या पेशींत आणि बारीक नलिकांत हवा भरलेली असते. बाहेरची साल चकचकीत आणि मेणचट. तिच्यातून पाणी जवळजवळ आत जात नाही. ते शिरतं कापलेल्या टोकांतून आणि आतल्या मऊ बाजूने. हवा बाहेर पडू लागली की टोकांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. मग एखादी पट्टी तिरकी होते, तिचं एक टोक खाली झुकतं, आणि थोड्या वेळाने ती तळाला जाऊन बसते. बुडाली म्हणजे भिजली, ही साधी खूण. घड्याळापेक्षा ती भरवशाची, कारण एकाच नळीतून निघालेल्या तीन पट्ट्यासुद्धा एका वेळी बुडतीलच असं नाही.

नेमका किती वेळ, यावर ओबोवाल्यांचं एकमत होणं कठीण. पातळ तासलेल्या पट्टीला अर्धा तास पुरे, असं कुणी म्हणतो. कुणी दोन तास ठेवतो. जाड, अजून तासायची असलेली पट्टी त्याहूनही जास्त. गरम पाण्यात काम लवकर होतं म्हणून काहीजण गरम घेतात, काहींना ते मंजूर नाही. कुणाला नळाचं पाणी चालत नाही. कुणी भिजवणं, वाळवणं, पुन्हा भिजवणं असे दोन-तीन फेरे करतो. पट्टीला जे काही वाकडं व्हायचं आहे ते आधीच होऊन जाऊ दे, असा त्यामागचा हिशोब. यातला काही भाग अनुभवाचा, काही निव्वळ सोवळ्याचा. दोन टोकांबद्दल मात्र दुमत नाही. कमी भिजलेली पट्टी ऐन पात्याखाली दगा देते. रात्रभर विसरलेली पट्टी पिवळट झालेल्या पाण्यात फुगून पडते, तिचे तंतू वर उठतात, रंग करडा पडतो, आणि तिच्यातलं जे विरघळण्यासारखं असतं ते पाण्याबरोबर निघून जातं. उपासाच्या खिचडीसाठी साबुदाणा भिजवणाऱ्या घरांना हे वेगळं समजावायला नको.

भिजलेली पट्टी गाउजिंग मशीनवर चढते. म्हणायला मशीन, प्रत्यक्षात हा गोल पात्याचा छोटा रंधा. तो हाताने पुढेमागे सरकवायचा. पट्टीच्या आतल्या बाजूने ओलसर, कुरळे छिलके निघत राहतात. मधोमध सुमारे ०.६० मिलिमीटर आणि कडांना ०.४५ च्या आसपास जाडी उरली की थांबायचं. यात एक मेख आहे. भिजलेलं गवत फुगलेलं असतं, त्यामुळे ओल्या पट्टीचं माप डायल गेजवर ०.६० दिसलं, तर वाळल्यावर ती त्याहून पातळ भरते. म्हणून जाणकार माणूस एकतर नेहमी ओली मोजतो, नाहीतर नेहमी वाळवून मोजतो. आज अशी आणि उद्या तशी मोजणारा फसतो. शतांश मिलिमीटरचा फरक बोटाला कळत नाही, ओठाला लगेच कळतो.

पुढचे टप्पे त्या मानाने सरळ. पट्टी पुन्हा भिजवायची, सालीवर मधोमध हलकी रेघ मारायची, साल बाहेर ठेवून दुमडायची, साच्यात धरून कडा कापायच्या. मग कॉर्क चढवलेल्या ४७ मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधायची. दोऱ्याचे वेढे त्या नळीच्या वरच्या तोंडाशी थांबले पाहिजेत. एक वेढा जरी पुढे गेला, तरी पात्यांचा गळा आवळला जातो आणि ती रीड जन्मभर घुसमटलेली वाजते.

यानंतर खरवडणं सुरू होतं, आणि इथे ताब्युतोंच्या मशरूमचा संबंध येतो. टोक कागदाहून पातळ करायचं, त्यामागचा भाग जरा जाड राखायचा, दोन्ही पाती आणि त्यांचे डावे-उजवे कोपरे सारखे ठेवायचे. अमेरिकन पद्धतीत ही खरवड पात्यावर बरीच खालपर्यंत जाते, युरोपात ती आखूड असते. गवताच्या सालीत सिलिका असते, तिच्यामुळे चाकूची धार बघता बघता बोथट होते. रीड करायला शिकणाऱ्याला आधी धार लावायला शिकावं लागतं ते यामुळेच. बांधल्या दिवशीच सगळं खरवडून मोकळं होणारा नवशिका हमखास पस्तावतो. कारण रीड दर वेळी भिजते, फुगते, वाळते, आकसते, आणि या फेऱ्यांमध्ये काही दिवस आकार बदलत राहते. पहिल्या दिवशी गोड वाजलेली रीड तिसऱ्या दिवशी मिटून जाते. थोडं खरवडावं, ठेवून द्यावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवून बघावं, एवढाच उपाय.

तयार रीडचीही पाण्यातून सुटका नाही. वाजवण्याआधी ती काही मिनिटं भिजवावी लागते. जुने वादक त्यासाठी कॅमेऱ्याच्या फिल्मची रिकामी डबी वापरत, आणि फिल्मचा जमाना संपल्यावरही त्यांनी त्या डब्या टाकल्या नाहीत. रीड पाण्यात जास्त वेळ राहिली की पात्यांमधली फट मोठी होते आणि ती मिटवून धरायला ओठांना राबावं लागतं. हे किती महागात पडतं, ते जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांच्या ओबो कन्चेर्टोत, म्हणजे ओबो पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचनेत, दिसतं. महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, एक अमेरिकन सैनिक श्ट्राउसना गार्मिशच्या घरी भेटला. त्याचं नाव जॉन डी लान्सी. सैन्यात जाण्याआधी तो पिट्सबर्गच्या ऑर्केस्ट्रात ओबो वाजवायचा, आणि शिष्य ताब्युतोंचाच. ओबोसाठी कन्चेर्टो लिहायचा कधी विचार केलात का, असं त्याने विचारलं. म्हातारबुवांनी 'नाही' म्हणून विषय संपवला, आणि नंतर लिहायला घेतला. १९४६ मध्ये झुरिकमध्ये तो प्रथम वाजला. त्यात ओबो अगदी सुरुवातीलाच शिरतो आणि पन्नासहून अधिक बार जवळजवळ उसंत न घेता वाजत राहतो. रीडची फट थोडी जरी वाढलेली असली, तरी वादकाचे ओठ तिथेच गळपटतात.

स्वतः रीड करण्याचा खरा फायदा अशाच जागी आहे. सूर चढा लागतो, खालचे स्वर फुटत नाहीत, हळू वाजवताना आवाज तुटतो. दोष श्वासाचा की रीडचा? ज्याने कधी चाकू धरलेला नाही, त्याला हे कळायला मार्ग नसतो. तो स्वतःला बोल लावतो, नाहीतर दुकानदाराला. रीड करणारा ती वाद्यातून काढतो, नुसतीच फुंकतो, तिचा चिरका आवाज ऐकतो, उजेडासमोर धरतो, आणि टोकाचा डावा कोपरा जाड राहिलाय हे ओळखून दोन हात फिरवतो. त्याचा कान असा तयार होत जातो. अमेरिकेतल्या संगीत महाविद्यालयांत ओबोच्या विद्यार्थ्यांसाठी रीड करण्याचे स्वतंत्र वर्ग चालतात, ते विद्यार्थ्यांना कारागीर बनवण्याची हौस म्हणून खासच नाही.

अर्थात या कामाभोवती साचलेला दुःखाचा गौरव खुशाल खरवडून टाकावा. कापलेली बोटं, जागवलेल्या रात्री, फेकून दिलेल्या रीडचा ढीग यांच्या कहाण्या सांगण्यात ओबोवाल्यांची चढाओढ लागते. एक मनाजोगती रीड हाती येईपर्यंत कितीतरी वाया जातात, आणि आलेली रीड रोजच्या वादनात एक-दोन आठवड्यांत उतरते, हे खरंच आहे. पण म्हणून दिवसाचे पाच-सहा तास रियाज करणाऱ्याने नळी चिरण्यापासून सगळं स्वतः करावं, हा हट्ट कशाला? तासलेली, आकार कापलेली पट्टी विकत मिळते. ती घ्यावी आणि वेळ वाचवावा. ब्रिटनमध्ये रीड बनवणारे स्वतंत्र कारागीर पूर्वीपासून आहेत, आणि नावाजलेले वादकही त्यांच्याकडून रीड घेत आले आहेत. पण विकत घेतलेली रीडसुद्धा शेवटचा हात आपल्याच चाकूचा मागते. भिजवणं, ऐकणं आणि तो शेवटचा हात, एवढं तरी प्रत्येकाला आलंच पाहिजे.

प्लास्टिकबद्दलही नाक मुरडायचं कारण नाही. कॅनडातल्या लेजेर कंपनीने क्लॅरिनेटनंतर ओबोसाठीही कृत्रिम रीड काढली. तिला पाणी लागत नाही. डबीतून काढली, लावली, वाजली. संगीत नाटकाच्या ऑर्केस्ट्रात एकच वादक आलटून पालटून दोन-तीन वाद्यं हाताळतो. बाजूला ठेवलेल्या ओबोवरची गवताची रीड त्याची पाळी येईपर्यंत वाळून बसते. अशा माणसाला कृत्रिम रीड म्हणजे वरदान. उघड्यावर वाजवणारे बँड, नुकती फुंकायला लागलेली लहान मुलं यांनाही ती खुशाल द्यावी. मात्र तिची किंमत हाताने केलेल्या रीडच्या कैक पट असते, आणि ती खरवडून आपल्या ओठाला जुळवून घेणं सोपं नाही. सोय मिळते, पण ज्यातून कान तयार व्हायचा तो सगळा भाग विद्यार्थ्याच्या हातून सुटतो. पहिल्या वर्षाला चालेल. पाचव्या वर्षालाही तीच एक रीड असेल, तर शिकवणाऱ्याने विचार करावा.

मुंबईच्या संदर्भात तर स्वतः रीड करण्याचा मुद्दा हवेचाच होतो. एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्याचा एक हंगाम सप्टेंबरच्या सुमारास येतो, म्हणजे पाऊस अजून गेलेला नसतो. ऑर्केस्ट्रातले कितीतरी वादक परदेशांतून, काही थेट कझाकस्तानातून येतात. तिथल्या कोरड्या हवेत बेतलेली कोणतीही रीड नरिमन पॉइंटच्या दमट हवेत आली की फुगणार, तिची फट वाढणार. मग थिएटरच्या एसीत ती पुन्हा आकसणार. त्यात रीडचा चाकू विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाही, सामानात टाकावा लागतो, आणि सामान मागे राहिलं की वादक नि:शस्त्र. मुंबईत किंवा पणजीत ओबो शिकू पाहणाऱ्या मुलाने लंडनहून किंवा फिलाडेल्फियाहून उत्तमातली उत्तम रीड मागवली, तरी ती तिथल्या हवेची असते. इथल्या जुलैची रीड इथेच भिजवून, इथेच खरवडून घ्यावी लागते.

आपल्याकडे हे काही परकं नाही. सनईला दोरीने अडकवलेल्या दोन-चार जादा पत्त्या, म्हणजे तिच्या रीड, आणि एक सुई कुणीही लग्नाच्या मांडवात पाहिलेली असेल. सुई पत्तीची फट सारखी करायला. आणि वाजवायच्या आधी पत्ती तोंडात धरून ओली करायची. बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६ चा, बिहारमधल्या डुमराँवचा, आणि शहनाईच्या रीडसाठी लागणारं नरकट नावाचं गवतही त्याच भागात, सोन नदीच्या काठी मिळतं. सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी ही त्याच कुळातली, आकाराने धाकटी. पत्तीचं गवत कुठून आणायचं, किती भिजवायचं, कुठे तासायचं, हे शिक्षण बापाकडून मुलाकडे जात आलं. मुलाने दुसरी नोकरी धरली की त्या घरापुरतं ते तिथेच थांबतं. पाश्चात्त्य संगीत महाविद्यालयांनी हेच शिक्षण घरातून वर्गात आणलं आणि त्याला वेळापत्रकात तास दिला. त्यांच्याकडून उचलण्यासारखं काही असेल, तर ओबोच्या आधी हे उचलावं. सनईच्या वर्गातही त्याची जागा आहे.

मुंबईत आणि गोव्यात मुलांच्या हाती ऑर्केस्ट्रातली वाद्यं देण्यासाठी झटणाऱ्या संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारे दाते आहेत. ओबो विकत घेताना त्यांनी खरेदीच्या यादीत आणखी काही नावं जोडावीत: दोन बरे चाकू, धार लावायचा दगड, एक डायल गेज, दोऱ्याची रिळं, आणि निदान शंभर तासलेल्या पट्ट्या. वाद्याच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे. शिक्षकाच्या मानधनात रीडच्या वर्गाचे तास धरावेत, ते फुकटात उरकून घेऊ नयेत. आणि आठवड्यातली एक दुपार मुलं पाण्याच्या पेल्यासमोर बसलेली दिसली, तर आज वाजवलं काय, असं पालकांनी त्यांना विचारू नये.